लहानू मिस्त्रीची होडी

पिपरबोडी गावात लहानू रामटेकेला सगळे मिस्त्री म्हणतात. पण त्यानं ना कोणाच्या घराची चौकट केली, ना कोणाच्या लेकीच्या लग्नातला पलंग. त्याची मिस्त्रीगिरी चौतीस वर्षं जमिनीखाली चालली. माजरीच्या बाजूला एक जुनी भुयारी खदान होती, आता ती बंद आहे. कोळसा काढून घेतला की वरचं छत अधांतरी राहतं. त्याला लाकडाचे खांब द्यायचे, आणि खांब अन् छत यांच्यामधल्या फटीत पाचर ठोकून खांब आवळायचा, हे लहानूचं काम. पाचर ठोकताना आवाज बदलत जातो. आधी भद्द, मग ठक्क, आणि शेवटी टण्ण. टण्ण वाजल्याशिवाय लहानूनं हातोडा कधी खाली ठेवला नाही. त्याच्या खांबाखाली बसून माणसं निवांत डबे खात. ढिली पाचर म्हणजे मरण, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं.

त्याची बायको रुखमा ही पिपरबोडीचीच लेक. लग्न होऊन ती खदानीच्या क्वार्टरमध्ये गेली, तेव्हा आईनं तिला पीठ मळायला सागाची काठवट दिली होती, एका ओंडक्यातून कोरलेली. लहानू पाळीवर गेला की रुखमा त्या काठवटीत काठोकाठ पाणी भरून दाराशी ठेवी. सायकलची घंटी ऐकू आली की ते पाणी पपईच्या झाडाला ओतायची आणि मगच ज्वारीचं पीठ घ्यायची. नवरा वर आल्याशिवाय पीठ भिजवायचं नाही, हा तिचा नेम. कोणी शिकवलेला नव्हता. शेजारणी हसायच्या, हिच्या घरी भाकर सायकलवर बसून येते म्हणायच्या. रुखमाही हसायची, पण नेम मोडला नाही.

एकदा खदानीत छत बसलं आणि लहानूसकट सात जण पलीकडच्या अंगाला अडकले. दीड दिवस काठवट भरलेलीच राहिली. सातही जण धडधाकट बाहेर आले, कारण ते जिथे बसून होते तिथले खांब टिकले, आणि ते खांब लहानूचे होते. लहानू घरी आला तेव्हा रुखमानं काठवट उचलली. पाणी झाडाला ओतलं आणि पीठ घेतलं. पण त्या दिवशी पीठ काही तिच्याच्यानं मळलं गेलं नाही. एकेक भाकर तव्यावर तुटत गेली, आणि दोघांनी ते तुकडेच खाल्ले.

साठी झाली, नोकरी संपली आणि दोघं पिपरबोडीला येऊन राहिली. लेक खुशबू गडचांदूरला नवऱ्याच्या घरी, तिथल्याच शाळेत शिकवते. गावाला मोठा जुना तलाव आहे. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मोहाची झाडं, पलीकडच्या काठाला जंगल टेकलेलं. दाराशी भरलेली काठवट आता नसायची. भाकर कधीही होऊ लागली. रुखमाला वाटलं, आपली वाट पाहण्याची नोकरीही सुटली.

पाच-सहा वर्षं बरी गेली. मग होडी आली.

तलावाच्या टोकाला विश्रामगृह आहे. त्याच्या मागे मोडक्या सामानाचा लिलाव निघाला, आणि लहानू सहज बघायला गेला. तिथे एका झाडाखाली ती पालथी पडली होती. आठ हात लांब, सागाच्या फळ्यांची. आत कोंबड्या अंडी घालत होत्या. शेजारी शिडाचा लांब खांब पडला होता. लहानूनं वाकून फळीवर हात फिरवला आणि त्याचं मन एकदम चाळीस वर्षं मागे गेलं.

लग्न झालं त्या वर्षी तो सासरी आला होता. संध्याकाळी नवरा-बायको पाळीवर उभी होती. तेव्हा विश्रामगृहात कोणी साहेब उतरलेला असावा. तलावात एक होडी चालली होती, वल्ह्याशिवाय, नुसत्या शिडावर, अगदी आवाज न करता. एकोणीस वर्षांची रुखमा बघत राहिली आणि म्हणाली, मले एकदा बसाचं हाये त्यात. लहानू म्हणाला होता, बसवीन. नव्या नवऱ्यानं म्हणावं तसं म्हणाला होता. नंतर खदान, पाळ्या, लेकरू, लेकराची शाळा. ते बसवीन तसंच राहिलं.

होडी सुटी मिळेना. लिलावात तिच्यासोबत बारा मोडक्या खुर्च्याही घ्याव्या लागल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्च्या खाली, होडी वर, आणि होडीत स्वतः लहानू, अशी वरात गावातून आली. पोचू ढिवर रस्त्यात उभा होता. पोचूचा जन्म तलावातला म्हटला तरी चालेल. मासेमारी सोसायटीत त्याच्याइतकं तलावाचं पोट कोणाला ठाऊक नाही. तो हात कमरेवर ठेवून म्हणाला, "मिस्त्री, पाण्यावर छत नसते. पाचर कुठी मारान?"

सगळे हसले. लहानूही हसला.

अंगणात होडी उतरली तेव्हा रुखमा दारात उभी होती. त्यानं तिला ती संध्याकाळ सांगितली. पांढरं शुभ्र शीड होतं, तू अशी उभी होती, असं म्हणाली होती. रुखमानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी कवा म्हणलं? मले नाई आठवत."

मग थोड्या वेळानं, भांडी उचलता उचलता, तिनं उरलेलं बोलून टाकलं. "चौतीस वर्षं तुमी खाली होते, अन् मी वर बसून होतो. आता तुमी पाण्यात जान अन् मी काठावर बसू? हे माह्याच्यानं होनार नाई. सांगून ठेवतो."

आमच्याकडे बायाही बोलताना होतो, ठेवतो म्हणतात. लहानूला त्या बोलण्यातला राग कळला, भीतीही कळली. तो म्हणाला, काठावर बस असं कोण म्हणते, होडीत बस. ती आत गेली. लहानूला पोहता येत नव्हतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

आधी त्यानं खुर्च्या दुरुस्त केल्या. बारातल्या नऊ उभ्या राहिल्या. त्या विहारात दिल्या, तेव्हा रुखमाचा राग थोडा निवळला. मग तो होडीकडे वळला. होडीचं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. खुशबूनं फोनवर चित्रफिती पाठवल्या, पण त्यातली होडी चकचकीत, माणसं भलतीच, हत्यारं कधी न पाहिलेली. लहानूनं दोन बघितल्या आणि फोन ठेवून दिला. लाकूड तेच आहे, म्हणाला. आपल्याला लाकूड कळते.

आणि लाकूड त्याला खरंच कळत होतं. बोटाच्या पेरानं ठोकत ठोकत त्यानं सडलेल्या चार फळ्या हुडकल्या. त्यांच्या जागी जुन्या घराच्या मयालीचं, म्हणजे आढ्याच्या तुळईचं, साग आणून, रंधा मारून बसवलं. आतल्या वाकड्या फासळ्या सगळ्या शाबूत निघाल्या. शिडाचा खांब घासून त्याला जवसाचं तेल पाजलं. नागभीडच्या बाजारातून मांजरपाटाचं ताग्याचं कापड आणलं आणि रुखमाला म्हणाला, मशीनवर शिवून दे. ती म्हणाली, गादीची खोळ सांगा, शिवून देईन. मग दाभण घेऊन तो स्वतःच बसला. पोत्यासारखे मोठाले टाके, पण ओळ सरळ.

उन्हाळा असा अंगणात गेला. रुखमा दुपारी चहा आणून देई आणि पायरीवर बसून बघे. तो काय करतो हे तिनं कधी विचारलं नाही. पण उठायची मात्र नाही. लहानूला वाटे, बाई हळूहळू वळून राह्यली.

सगळ्यात शेवटी राहिलं फटींचं काम. फळी आणि फळी यांच्यामधल्या फटीत कापूस भरायचा आणि वरून राळ-तेलाचा लेप द्यायचा. लहानूनं वरोऱ्याकडचा लांब धाग्याचा कापूस आणला, वाती वळल्या, आणि खदानीतला आपला हातोडा काढला. कापूस भरला की त्यावर सागाची बारीक चीप, आणि चिपेवर हातोडा. भद्द. ठक्क. टण्ण. पुढची फट. बारा दिवस अंगणातून टण्ण टण्ण येत राहिलं. रुखमा पायरीवर बसून ऐकत होती. एकदा तिनं तोंड उघडल्यासारखं केलं, मग पदर नीट केला आणि कपबशी उचलून आत गेली.

दिवाळी झाल्यावर तलाव भरलेला होता. दहा-बारा जणांनी होडी पाण्यात ढकलली. लहानू आत बसला नाही, दोर धरून काठावर उभा राहिला. त्याला बघायचं होतं. अर्धा तास गेला, तास गेला. आत पाण्याचा थेंब नाही. पोचूनं आत वाकून फळीवर तळवा फिरवला, कोरडा तळवा सगळ्यांना दाखवला आणि कपाळाला लावला. लहानूचं तोंड लहान पोरासारखं झालं होतं. मुरू दे दोन दिवस पाण्याले, म्हणाला, अन् मंग बसू. होडी मोहाच्या मुळाला बांधून तो घरी आला. रुखमा तिकडे गेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोचू सांगत आला. लहानू धावत गेला. होडी काठोकाठ भरून बसली होती, पाण्याच्या वर फक्त कड दिसत होती. ओढून बाहेर काढली तेव्हा कळलं. दोन फळ्या मधोमध पोटासारख्या फुगून फासळ्यांपासून सुटल्या होत्या. एक फासळी मोडली होती. आणि नवीन बसवलेली एक फळी उभी चिरली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

होडी पुन्हा अंगणात आली. लहानूनं तिच्याकडे पाहिलंही नाही. त्याला नुकसानाचं फार वाटलं नाही. त्याला वाटलं ते वेगळंच. आपण टण्ण वाजेपर्यंत ठोकलं होतं, एकही फट सोडली नव्हती, आणि तरी लाकूड आपल्या हाताखाली फुटलं. चौतीस वर्षांत असं झालं नव्हतं. मग इतकी वर्षं आपल्या खांबाखाली माणसं बसली, ती आपल्या कसबामुळे वाचली की नुसत्या नशिबानं? हा विचार त्यानं कोणाला सांगितला नाही. फक्त जेवण कमी झालं. दिवसभर खाटेवर पडून तो छताकडे बघत राही. आठवड्यानं उठला, कुऱ्हाडीला धार लावली आणि रुखमाला म्हणाला की उद्या फोडून टाकतो, चुलीले दोन महिने पुरन.

रुखमाला हवं ते आपोआप झालं होतं. नवरा घरात होता, होडी सरपणात जात होती. तिनं हो म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती.

सकाळी तो कुऱ्हाड घेऊन अंगणात आला तर होडीच्या आडव्या फळीवर काठवट ठेवलेली. पाण्यानं काठोकाठ भरलेली. रुखमा शेजारी उभी होती.

"हे किती वर्षाची हाये?" तिनं विचारलं.

"आपल्या लग्नाची."

"फुटली काऊन नाई?"

ती काठवटीवर हात ठेवून सांगू लागली. लाकूड कोरडं ठेवलं की तडकते, म्हणून पाणी. पाणी प्यालं की लाकूड फुगते, आपली आपण फट मिटवते. आईच्या घरची काठवट उन्हाळ्यात चार दिवस रिकामी राहिली तर गळायची, आणि एक रात्र पाणी भरलं की बंद व्हायची. तिला कोणी पाचर मारली नव्हती.

"तुमी लाकडाले जागाच नाई ठेवली," ती म्हणाली. "पाणी पिऊन ते फुगन तं जाईन कुठी? फुटलं."

लहानू काठवटीकडे बघत राहिला. खदानीतलं लाकूड वरून दाबलं जातं. ते आवळावंच लागतं. हे आतून वाढणारं लाकूड होतं. एवढी साधी गोष्ट. म्हणजे खदानीत चुकलं नव्हतं. खांब बरोबर होते. खांब खांबाच्या जागी बरोबरच होते.

मग त्यानं मान वर केली. "तुले ठाऊक होतं?"

"हाव."

"कवापासून?"

"पहिल्या दिवशी तुमी ठोकाले बसले, तवापासून."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

रुखमानं काठवटीतल्या पाण्यात बोट फिरवलं. "तुमी अंगणात होते," ती म्हणाली. "समोर दिसत होते."

लहानूनं कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली. तो रागावला नाही. रागावण्यासारखं त्याला त्यात काही सापडेना. मग त्यानं विचारलं, चहा केला का. तिनं केला नव्हता. त्या दिवशी चहा त्यानं केला.

पुन्हा काम सुरू झालं. ठोकलेल्या चिपा एकेक करून उपसल्या. सुटलेल्या फळ्या फिरून बसवल्या, चिरलेली बदलली, मोडक्या फासळीला जोड दिला. फटीत आता नुसता कापूस, बोटानं दाबलेला, हातोडा नाही. हे त्याच्या हाताला फार जड गेलं. कापूस भरला की हात आपोआप हातोड्याकडे जाई. रुखमानं तो हातोडा उचलून आतल्या खोलीत ठेवून दिला. कापूस तीच वळून देत होती. एखादी वात जाड झाली असं तिला वाटलं की मागून म्हणे, "श्वास घेऊ द्या तिले."

पोचू बघायला आला आणि कपाळावर हात मारून म्हणाला की आमचे डोंगे तं उन्हाळाभर आम्ही दगड भरून पाण्यात बुडवूनच ठेवतो, चिरू नये म्हणून. लहानूनं विचारलं, मग आधी का नाही बोललास? पोचू म्हणाला, ही पडली साहेब लोकांची शिडाची होडी, तिची रीत वेगळी असेल असं वाटलं. आणि शिवाय, "तुमी खदानीतले मिस्त्री, लहानूभाऊ. तुमाले शिकवाले मी कोन?"

पौषात होडी दुसऱ्यांदा तलावात गेली. या वेळी तिच्यात दगड भरले आणि ती मुद्दाम बुडवली. लहानूला ते बघवेना, तो पाठ फिरवून उभा राहिला. आठ दिवस होडी पाण्याखाली होती. नवव्या दिवशी दगड काढले, पाणी उपसलं, आणि ती तरंगली. एका कोपऱ्यातून थोडं थोडं पाझरत होतं. पोचू म्हणाला, एवढं तं आमचंबी पाझरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास, ऊन वर आल्यावर निघायचं ठरलं. पोचू आपल्या डोंग्यातून बरोबर राहणार होता. खुशबूनं फोनवर दहादा बजावून पोहायचं जाकीट पाठवलं होतं. एक म्हणता म्हणता दोन पाठवली होती, आणि दुसरं कोणासाठी हे तिनं सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. लहानूनं रुखमाला ये म्हटलं नाही. ती एकदा सांगून चुकली होती, आणि एकदा सांगितलेलं पुन्हा विचारणं त्याला बरं वाटेना. फक्त एवढंच ठरवलं होतं, की जाताना दाराशी भरलेली काठवट दिसली तर परत फिरायचं. पोचूला काहीतरी कारण सांगायचं. गुडघा दुखतो म्हणायचं. तिला आता पुन्हा तसं बसवायचं नाही.

सदरा घालून तो बाहेर आला. दाराशी काठवट नव्हती. चुलीपाशी नव्हती. मग दिसली, अंगणातल्या भिंतीला टेकवून पालथी घातलेली, धुतलेली. कडेला ओलं पीठ थोडं चिकटून राहिलं होतं.

तो तिथेच उभा राहिला. नवरा जोखमीला निघायच्या आधी या बाईनं पीठ भिजवलं, हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

रुखमा आतून आली. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी, वर मिरचीचा ठेचा, आणि काखेत ते दुसरं जाकीट, कसं घालायचं ते न कळल्यामुळे गुंडाळून धरलेलं. "काय पाहून राह्यले?" ती म्हणाली. "पोचूभाऊ तिकडं उभा असन."

तलावात वारा फार नव्हता. शीड एकदा भरे, एकदा लोंबे. लहानूला ते धरायचं कसं हे नीट उमगलं नव्हतं, आणि पोचू डोंग्यातून उलटसुलट सल्ले देत होता. एकदा तर ती तिघं शिंगाड्याच्या वेलात जाऊन अडकली. पण मग पलीकडच्या जंगलावरून झुळूक आली, शीड ताणलं गेलं, आणि होडी आवाज न करता चालू लागली. कोपऱ्यातून पाणी येत होतं. रुखमा एका हातानं कड घट्ट धरून बसली होती आणि दुसऱ्या हातानं, गडव्यानं, ते पाणी बाहेर टाकत होती. तिनं खाली पाण्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मधोमध आल्यावर तिचा कडेवरचा हात थोडा सैल झाला. तिनं मान वर करून शिडाकडे पाहिलं, मग मागे पाळीकडे, जिथे मोहाची झाडं आता बोटाएवढी दिसत होती.

"पांढरं नव्हतं ते," ती म्हणाली.

"काय?"

"त्या साहेबाचं. मळकं होतं, पिवळट. अन् एका बाजूनं ठिगळ होतं." तिनं गडवा पुन्हा खाली बुडवला. "तुमाले काईच नीट आठवत नाई."